भाचीसाठी म्हणून केलेले दागिने

निवृत्त झाल्यापासून माझ्या हातांना चैन नाही. सून स्वयंपाकघरात शिरली की मी दारात जाऊन उभी. पुसलेले डबे पुन्हा पुसते. लग्नपत्रिका आली की माणसं तारीख बघतात, मी पुठ्ठा किती जाड आहे ते बघते. सून म्हणते, "आई, बसा की जरा." बसते. चहा थंड व्हायच्या आत पुन्हा उठलेली असते.

माझी नोकरीच तशी होती. बीड जिल्ह्यात गावोगाव महिलांचे फिरते वर्ग घ्यायचे. आज केज तालुक्यात, मग आष्टीकडं, मग शिरूरला. पाटोद्यात घर, पण घरात मी पाहुणीच. वर्गाचं कागदावरचं नाव लांबलचक होतं. बाया त्याला 'बिस्किटाचा क्लास' म्हणायच्या. घरच्या घरी केक, बिस्किटं, नानकटाई, खारी शिकवायची आणि सणावाराला लागणाऱ्या वस्तू घरातल्याच टाकाऊ सामानातून करायला शिकवायच्या. जुन्या साडीचा आकाशकंदील, कणसाच्या सालीची फुलं, ज्वारीच्या धाटांची बैलगाडी, जपून ठेवलेल्या सीताफळाच्या बियांच्या राख्या. ज्या मोसमात घरात जे पडलेलं असेल ते.

बेकरी म्हटलं की लोकांना भट्टी आठवते. दिवाळीच्या तोंडावर रवा-मैदा, साखर, डालडा डब्यात भरून तालुक्याच्या बेकरीत रांग लावायची आणि बिस्किटं भाजून आणायची, हे आमच्याकडं घरोघरचं. माझं म्हणणं एवढंच की रांग कशाला? जाड बुडाचं पातेलं घ्या. त्यात धुऊन वाळवलेली नदीची वाळू पसरा, वर कुकरची जाळी ठेवा, जाळीवर केकचा डबा, वर घट्ट झाकण, झाकणावर वजन. वाळू तापायला वेळ घेते, पण एकदा तापली की चारी बाजूंनी सारखी ऊब देते. घड्याळ बघायचं नाही, नाक उघडं ठेवायचं. आधी साखरेचा वास येतो, मग तुपाचा, आणि शेवटी भाजलेल्या पोळीसारखा गव्हाचा. तो आला की उतरवा. शिकवायला सोपं, करायला अवघड, कारण मधल्या वेळात काहीच करायचं नसतं. सगळ्यांत उतावळी मीच. वर्गात येरझाऱ्या घालायची. बाया म्हणायच्या, "मॅडम, तुमीच भाजून निघाल्यात."

फजित्या किती झाल्या ते विचारू नका. एका सुनेनं खायच्या सोड्याऐवजी धुण्याचा सोडा घातला. घरी जाऊन सासऱ्यापुढं बिस्किटं ठेवली. म्हाताऱ्यानं मुकाट्यानं बशी संपवली. दुसऱ्या दिवशी ती रडत वर्गात आली, कारण तिनं स्वतः चव बघितली ती बशी संपल्यावर. मी घाबरून त्यांच्या घरी पळाले. म्हातारा ओट्यावर ठणठणीत बसलेला. म्हणाला, "साबणावानी लागत होती खरी. पण सुनंनं पहिल्यांदा माझ्यापुढं बशी ठिवली. न्हाई कसं म्हणू?" एका गावात एकानं हट्ट धरला की आकाशकंदिलाच्या चारी बाजूंना त्याचाच फोटो पाहिजे. लावला. दिवा पेटल्यावर चारही फोटोंना कागदाची शिवण नेमकी नाकावर आली.

अशा गमती सांगत बसले तर सगळा दिवाळी अंक भरेल. पण लिहायला घेतल्यापासून डोक्यात एकच वर्ग घोळतोय. तो लिहिल्याशिवाय दुसरं काही लिहून होणार नाही.

नांदूरघाटच्या पुढचं एक गाव. नाव लिहीत नाही. दिवस थंडीचे, संक्रांत जवळ आलेली. वर्गाला ग्रामपंचायतीची खोली मिळाली होती ती अण्णांच्या शब्दावर. अण्णा म्हणजे गावचे माजी सरपंच, जमीनदार घर, तालुक्यात वजन. पहिल्या दिवशी स्वतः येऊन कुलूप उघडून दिलं आणि म्हणाले, "आमची मंडळीबी येणार हाय क्लासला. घरात बसून बसून तिचं डोकं फिरायलंय."

त्यांची मंडळी म्हणजे रुक्मिणबाई. पंचेचाळिशीच्या असतील. उंच, डोक्यावर पदर, बोलणं अगदी हळू. इतकी कच्ची विद्यार्थिनी मला क्वचित मिळाली असेल. मैदा चाळायला घ्यायच्या आणि चाळणी हातात धरून खिडकीबाहेर बघत राहायच्या. साखर दोनदा घालायच्या. नानकटाई पुढ्यात करपून धूर निघाला तरी त्यांना पत्ता नाही. बाया हसायच्या, त्याही कसनुशा हसायच्या. दुसऱ्या कुणाला मी बोलले असते. पण त्यांच्याकडं बघितलं की बोलवत नसे. काहीतरी ऐकू येतंय का म्हणून कान लावून बसलेलं माणूस जसं दिसतं, तशा त्या दिसायच्या.

एक दिवस वर्ग सुटल्यावर थांबल्या.

"मॅडम, हलव्याचे दागिने शिकवता का?"

"शिकवते की. पण नाजूक काम आहे, आणि सवड लागते."

"सवडच हाय," त्या म्हणाल्या.

संक्रांतीचा हलवा बहुतेकांनी बघितलेला असतो, करताना फारसा कुणी बघितलेला नसतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. खसखस किंवा साबुदाणा परातीत घ्यायचा. परात मंद निखाऱ्यावर. साखरेचा पाक चमच्या-चमच्यानं सोडायचा आणि बोटांच्या टोकांनी दाणे फिरवत राहायचं. पाक सुकला की पुन्हा चमचा. असं दिवसचे दिवस. थंडी चांगली असली तर दाण्याला हळूहळू काटा फुटतो. बोटं पोळतात. घाई केली की काटा मोडतो आणि दाणे गोट्यांसारखे गुळगुळीत होतात. मग त्या दाण्यांना पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी मारत, मागं लग्नपत्रिकेचा पुठ्ठा लावून दागिने बांधायचे. हार, बांगड्या, बाजूबंद, बिंदी, नथ. मधे सोनेरी कागद, तोही मिठाईच्या डब्यावरचा. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळ्या साडीवर नव्या नवरीला हे दागिने घालतात. विकत मिळतात, पण घरी केलेल्यांची गोष्ट वेगळी.

सगळ्या बायांनी सुरुवात केली. बऱ्याच जणी दोन दिवसांत कंटाळल्या. रुक्मिणबाई मात्र सकाळी सगळ्यांच्या आधी येऊन बसायच्या. ज्या हातांना साखर किती घातली ते कळत नव्हतं, ते हात आता चुकतच नव्हते. काटा असा आला की मीच परात उचलून सगळ्यांना दाखवत फिरले.

"कुणासाठी करताय?" शेजारी बसलेल्या कौसाबाईंनी विचारलं.

"भाचीसाठी," रुक्मिणबाई मान वर न करता म्हणाल्या. "औंदा लगीन झालंय तिचं."

दुपारी कौसाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मॅडम, तिला भाचीबिची कोणी न्हाई. भाऊ न्हाई, बहीण न्हाई. एक पोरगी होती तिला."

"होती म्हणजे?"

"हाय. पण न्हाई म्हणायचं."

पोरीचं नाव जयश्री. बीडला नर्सिंग शिकायला होती. तिथं तलवाड्याकडच्या एका मुलाशी जमलं. मुलगा शिकलेला, औषधाच्या दुकानात कामाला, बौद्ध समाजाचा. दोघांनी नोंदणी करून लग्न केलं. अण्णांनी गावात सांगितलं, आम्हाला मुलगी नाही. घरातले तिचे फोटो उतरवले. तिचं नाव घरात घ्यायचं नाही असा दंडक झाला. गावानंही तो पाळला. कौसाबाई हे सांगतानाही आवाज खाली नेऊन सांगत होत्या.

मी या जिल्ह्यात आयुष्यभर फिरले. गावात शिरलं की पहिला प्रश्न आडनावाचा, हे मला नवं नव्हतं. वर्गातही बाया आपोआप आडनावाप्रमाणे गट करून बसायच्या, म्हणून मी चिठ्ठ्या टाकून जोड्या लावायची. एका परातीत दोघींनी पीठ मळायचं म्हणजे मळायचं. तेवढं माझ्या हातात होतं. वर्ग सुटल्यावर कोण कुणाच्या घरी पाणी पितं ते माझ्या हातात नव्हतं.

दागिने पुरे झाले त्या दिवशी रुक्मिणबाई पुन्हा मागं थांबल्या. साडीच्या खोक्यात कापूस अंथरून त्यावर सगळे मांडले होते. खोकं माझ्यापुढं सरकवलं.

"मॅडम, तुमी सगळीकडं फिरता. तलवाड्याला जाल का?"

मी आधी दाराकडं बघितलं. खोली अण्णांची म्हणावी अशी, वर्ग अण्णांच्या शब्दावर चाललेला. हे कळलं तर उद्या कुलूप लागेल. माझं जाऊ दे, पण या बाईचं काय होईल?

"तुम्ही बोलता का तिच्याशी? फोनवर तरी?" मी विचारलं.

"लावते कधी कधी. कौसाच्या फोनवरनं. ती उचलते, 'कोण हाय' म्हणते. मला बोलवत न्हाई. आवाज ऐकते आन् ठिवून देते." मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "पहिली संक्रांत हाय हो तिची. तिकडं कुणी करायचं? इथनं बी कुणी न्हाई केलं तर पोरीला काय वाटंल?"

मी हो म्हटलं. पाटोद्याला घरी आले तर खोकं कुठं ठेवावं कळेना. फडताळात ठेवलं तर मुंग्या, खाली ठेवलं तर ओल. जागा बदलत राहिले. नवरा म्हणाला, "एवढं काय आहे त्यात?" मी म्हटलं, "साखर." आपण कुणाच्या घरच्या भानगडीत पडतोय, हा विचार जाईना आणि खोकं परत करावं असंही वाटेना.

रविवारी निघाले. बीडला गाडी बदलली, गेवराईला बदलली. खोकं सगळी वाट मांडीवर. गेवराईच्या गाडीत एका बाईनं भाजीची टोपली माझ्या गुडघ्यावर टेकवायला घेतली तर मी अशी ओरडले की कंडक्टरनं वळून बघितलं. "काय बॉम्बगोळा हाय का मावशी?" गाडी हसली. मी नाही हसले.

घर सापडायला वेळ लागला नाही. छोटं, नेटकं, अंगणात तुळस नव्हती पण झेंडू होता. दार उघडलं जयश्रीच्या सासूनं, शशिकलाताईंनी. त्या अंगणवाडीत कामाला. आत भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, आणि तसबिरींना कणसाच्या सालीच्या फुलांची माळ. मी शिकवते त्यापेक्षा सफाईनं केलेली. माझं लक्ष गेलेलं बघून म्हणाल्या, "पोरांना करून दाखवते मी. सालं फुकटची असतात." पाच मिनिटांत आम्ही दोघी रंग कसा पक्का बसतो यावर बोलायला लागलो. जरा जीव थाऱ्यावर आला.

जयश्री दवाखान्यातली ड्यूटी करून आली ती नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतच. आईसारखीच उंच. मी कोण, कुठून आले ते सांगितलं. गावाचं नाव ऐकताच तिचा चेहरा ताठ झाला. खोकं तिच्या पुढ्यात ठेवलं. तिनं झाकण काढलं.

एका बोटानं हाराचे दाणे चाचपले. शशिकलाताई वाकून बघत म्हणाल्या, "काय हात आहे! गाठ एकसुद्धा दिसत नाही."

"आईनं केलंय?" जयश्रीनं मला विचारलं.

"सगळं. पाकापासून."

"कुठं केलं? घरी?"

"वर्गात. सगळ्यांच्या बरोबर बसून."

तिचे डोळे भरले होते. मला वाटलं, झालं आपलं काम. तेवढ्यात तिनं विचारलं, "मग बायांनी विचारलं असंल की, कुणासाठी करती म्हणून. काय म्हणली ती?"

खोटं बोलायला एक क्षण पुरतो, तो माझ्या हातून गेला.

"मॅडम, काय म्हणली आई?"

"भाचीसाठी," मी म्हटलं.

जयश्रीनं झाकण लावलं. खोकं माझ्याकडं सरकवलं. अगदी हळू, आतलं काही हलू नये म्हणून.

"मग भाचीला द्या."

"अगं, त्यांची अडचण समजून घे..."

"समजती मला. गावात मी मेली हाय, हे मला माहिती हाय. तिथं मेलेली आन् इथं चोरून जिती, असं नको मला." मग सासूकडं वळून म्हणाली, "आन् तसंबी आपल्यात संक्रांत करत न्हाईत."

शशिकलाताई शांतपणे म्हणाल्या, "आपण करत नाही ते आपलं. त्याचा आडोसा घेऊ नको. तुला घालावं वाटलं तर घाल, नाही वाटलं तर नको घालू. आईचं आणि तुझं काय ते तुम्ही दोघी बघा. मी मधे बोलणार नाही."

जयश्री आत निघून गेली. शशिकलाताईंनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. निघताना म्हणाल्या, "ती तो फोन दर वेळी उचलते बरं का. कामात असली तरी उचलते. कोण आहे ते तिला माहीत आहे."

परतीच्या वाटेवर काय नाही डोक्यात आलं! खोकं शशिकलाताईंकडं ठेवून यायला हवं होतं. रुक्मिणबाईंना सांगायचं, मिळालं, आवडलं, घातलं. बाईला समाधान, पोरीला त्रास नाही, माझी सुटका. बीडच्या स्टँडवर गाडीची वाट बघताना मी फलाटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होते आणि वाक्यं जुळवत होते. काळ्या साडीचा काठसुद्धा ठरवून झाला. पण जयश्रीचा हात आठवायचा. नको म्हणतानासुद्धा दाणा मोडू नये म्हणून तिनं खोकं हळू सरकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गात मी रुक्मिणबाईंना खोकं परत दिलं आणि सगळं होतं तसं सांगितलं. 'भाचीला द्या' हेसुद्धा. त्या शेवटच्या दिवसाच्या प्रदर्शनासाठी बिस्किटाचं पीठ मळत होत्या. ऐकताना हात थांबले नाहीत. एवढंच म्हणाल्या, "वाळली का हो ती?"

"नाही. चांगली आहे तब्येत."

"बरं."

पुढं पीठ मळत राहिल्या. बिस्किटं त्या दिवशी पहिल्यांदा न करपता उतरली. मला त्यांची भीती वाटायला लागली.

वर्ग संपताना आमच्याकडं प्रदर्शनाचा रिवाज असतो. टेबलं मांडायची, प्रत्येकीनं आपलं काम ठेवायचं, गावातल्या मोठ्या माणसाला बोलवायचं. पाहुणे अर्थात अण्णा. खोली भरलेली. बायाच नाही, पारावरचे पुरुषही बिस्किटांच्या वासानं आलेले. केक होते, नानकटाई होती, धाटांच्या बैलगाड्या होत्या. आणि एका टेबलावर काळ्या कापडावर रुक्मिणबाईंनी ते दागिने मांडले होते. खोक्यातून काढून, सगळे. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.

अण्णा टेबलामागून टेबल बघत चालले होते. खुशीत होते. केकचा तुकडा तोंडात टाकून म्हणाले, "आता आमच्या वाढदिवसाचा केक बीडवरनं आणायचं काम न्हाई!" लोक हसले. मग ते काळ्या कापडाच्या टेबलापाशी आले आणि थांबले. खरंच आवडलं त्यांना, चेहऱ्यावर दिसत होतं.

"हे कुणी केलंय रे? लई भारी!" त्यांनी मागच्या माणसांना विचारलं.

"वहिनीसायबांनी," कुणीतरी म्हणालं.

"आँ? तू?" अण्णा कौतुकानं बायकोकडं वळले. "कुणासाठी केलं म्हणायचं हे?"

मी दारापाशी उभी होते. माझे पाय आपोआप पुढं निघाले. काहीतरी बोलावं, भाषण सुरू करावं, चहा सांगावा, पण तेवढा वेळ मिळाला नाही.

"जयश्रीसाठी," रुक्मिणबाई म्हणाल्या.

इतके दिवस त्या वर्गात त्यांचा आवाज दोन हातांपलीकडं कुणाला ऐकू गेला नव्हता. त्या दिवशी दाराबाहेरच्यांनीही ऐकला. डोक्यावरचा पदर तसाच होता. हात टेबलावर टेकलेले.

अण्णांच्या हातात केकचा उरलेला तुकडा. त्यांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. आता हात उगारतात की काय असं मला वाटलं. तेव्हा कोपऱ्यातून कौसाबाईंची म्हातारी सासू बोलली. तिला कमी ऐकू यायचं, म्हणून ती मोठ्यानं बोलायची. सगळं कळून बोलली की न कळून, ते मला आजही सांगता येणार नाही.

"जयश्रीला व्हय? लई शोभंल पोरीला. गोरी हाय ती."

अण्णांनी केकचा तुकडा टेबलावर ठेवला आणि चालत बाहेर गेले. त्यांच्या मागं त्यांची माणसं गेली. कार्यक्रम तिथंच संपला. अर्ध्या तासानं एक जण येऊन म्हणाला, खोलीची चावी द्या. दिली. बायांनी भराभर आवरलं. पण जाताना एकेक जण रुक्मिणबाईंच्या टेबलापाशी थांबून गेली. कुणी हार नीट केला, कुणी कापडाची सुरकुती काढली.

"आज घरी जाल ना?" मी विचारलं. "माझ्याबरोबर चला हवं तर. पाटोद्याला."

"घर माझंबी हाय की, मॅडम. कावून नको जाऊ?" त्या म्हणाल्या. मग खोकं भरता भरता, "उद्या मी तलवाड्याला जाणार."

"मी येते बरोबर. मला घर माहीत आहे."

"नको. तुमी आलात तर मी परत तुमच्यामागं लपंन."

दुसऱ्या दिवशी मी घरात नुसती फिरत होते. फोन हातातून सुटत नव्हता. माझं तोंड जास्त चालतं, पाय त्याहून जास्त, आणि त्या दिवशी दोन्हींचा काही उपयोग नव्हता. संध्याकाळी शशिकलाताईंचा फोन आला. रुक्मिणबाई दुपारी पोचल्या होत्या. जयश्री कामावर होती, तर दवाखान्यातच जाऊन उभ्या राहिल्या. पेशंटच्या रांगेत. नाव विचारल्यावर म्हणाल्या, "मी जयश्रीची आई." जयश्री आतून आली. दोघी भांडल्या. अगदी कडकडून, तिथंच व्हरांड्यात, लोकांदेखत. मग दोघी घरी आल्या आणि जेवल्या.

"दागिने?" मी विचारलं.

"घातले. पण साडी नेसायला तयार नाही. ड्यूटीच्या कपड्यांवरच घातले." शशिकलाताई हसत होत्या. "आता बांगडीतला एकेक दाणा काढून खातेय. आई ओरडतेय तिला."

त्या वर्षानंतर मी आणखी काही काळ नोकरी केली. त्या गावात मला पुन्हा वर्ग मिळाला नाही. खोलीच मिळाली नाही. याची मला खंत आहे, कारण तिथल्या बायांचे हात चांगले होते आणि अजून खारी शिकवायची राहिली होती. इतकी गावं फिरले, पण चिठ्ठ्या टाकून जोड्या लावण्यापलीकडं मी फार काही केलं नाही, असं आता रिकाम्या दुपारी वाटत राहतं. मग मी उठून पुन्हा डबे पुसते.

रुक्मिणबाईंचा मधूनमधून फोन येतो, आता त्यांच्या स्वतःच्या फोनवरून. अण्णा जयश्रीशी बोललेले नाहीत. तिच्या घरी गेलेले नाहीत, जातील असंही दिसत नाही. त्या प्रदर्शनानंतर बरेच दिवस ते बायकोशीही बोलले नाहीत, ताट समोर आलं की जेवायचे आणि उठायचे. रुक्मिणबाई मात्र दोन-तीन महिन्यांतून एकदा तलवाड्याला जातात. चोरून नाही. सकाळी पिशवी भरायची, उंबऱ्यात उभं राहून सांगायचं, "जयश्रीकडं चाललेय," आणि उत्तराची वाट न बघता निघायचं.

मागच्या खेपेला त्या अशाच निघाल्या. अण्णा ओसरीवर पेपर वाचत होते. रुक्मिणबाईंनी नेहमीचं वाक्य म्हटलं आणि पायरी उतरल्या. मागून अण्णांचा आवाज आला. पेपर तोंडासमोर तसाच.

"सकाळची बीडची गाडी बंद झालीय. मांजरसुंब्यापतुर जीपनं जा. तिथनं मिळंल."

"मग? तुम्ही काय म्हणालात?" मी फोनवर जवळजवळ ओरडलेच.

"काय म्हणायचं? हं म्हणलं, आन् जीपकडं गेले."